दोन हजारांचा शेतकरी

मोशीत शेतकरी ओळखायचा असेल तर बैल, नांगर, फेटा असलं काही शोधत बसू नये. पांढरी गाडी, गाडीच्या मागच्या काचेवर शर्यतीच्या बैलाचं चित्र आणि घरामागं भाड्याच्या खोल्यांची रांग, एवढं दिसलं की समजावं, हा इथला मूळचा शेतकरी. बैल काचेवरच असतो, कारण गोठ्याच्या जागेत चार खोल्या निघतात आणि बैल काही महिन्याच्या पाच तारखेला भाडं देत नाही. मीही त्यातलाच. फक्त माझ्याकडं गाडी नव्हती, आणि पुढची सगळी भानगड त्या गाडीपायीच झाली.

जमीन कशी गेली हे आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांची सारखीच गेली. 1972 साली नवनगर प्राधिकरण आलं, त्यानं आसपासच्या गावांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनींच्या साडेबारा टक्के परताव्याची चर्चा आमच्याकडं प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि दहाव्याला होते. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. कचरा डेपो आला, प्रदर्शन केंद्र आलं, नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग इमारती आल्या. आजोबांच्या नावावर जे होतं त्यातलं काही प्राधिकरणाला गेलं, काही रस्त्याला, काही आत्यांच्या वाट्याला, आणि उरलेलं 'जरा अडचण होती' या सदराखाली गुंठ्यागुंठ्यानं. असल्या लोकांना पुण्यात गुंठामंत्री म्हणतात. मी त्यातला बिनखात्याचा.

माझ्या सातबाऱ्यावर आता अकरा आर जमीन आहे. एका अंगाला सोसायटीची कंपाउंड भिंत, दुसऱ्या अंगाला बिल्डरनं टाकलेला राडारोडा, मध्ये दोन शेवगे आणि मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे. उत्पन्न विचाराल तर कोथिंबीर शेजारी फुकट नेतात आणि शेवगा वानरं. पण सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून माझं नाव आहे, आठ-अ वर आहे, आणि 'आपण शेतकरी माणसं' हे वाक्य कट्ट्यावर बोलायला तेवढं पुरतं.

पुरायचं, असं म्हणतो. कारण 24 फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधानांनी गोरखपूरहून किसान सन्मान निधीचं बटण दाबलं आणि आमच्या कट्ट्यावर शेतकऱ्यांची फाळणी झाली. ज्याच्या मोबाइलवर दोन हजारांचा मेसेज येतो तो शेतकरी; येत नाही तो खोल्यांचा मालक. वर्षाला सहा हजार, दोन दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होते; त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ती अटही निघाली. ज्यांनी गुंठ्याच्या व्यवहारात दोन हजारांची नोट कधी मोजून घेतली नाही, ते आमचे तात्या हप्त्याचा मेसेज चष्मा लावून, बोट फिरवून, मोठ्यानं वाचायचे. वाचून झाला की माझ्याकडं बघायचे. "तुझा आला का रं?"

वडील होते तोवर हप्ता त्यांच्या खात्यात यायचा. ते गेले, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, पण हप्ता त्यांच्याबरोबरच गेला. मी नव्यानं अर्ज करायला हवा होता. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी नावावर असावी लागते. त्यानंतर आली असेल तर फक्त वारसानं आलेली चालते. म्हणजे माझी चालत होती. महापालिका हद्दीतली जमीन असली तरी चालते, लागवडीखाली असली की झालं. घटनात्मक पदावर असलेला, सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, डॉक्टर, इंजिनियर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांना मिळत नाही. ही यादी मी दोनदा वाचली. माझा अर्ज बाद व्हावा असं माझ्या हातून आयुष्यात काहीच घडलेलं नव्हतं, याचं प्रथमच समाधान वाटलं. यादीच्या शेवटी शेवटी 'मागील वर्षी प्राप्तिकर भरलेली व्यक्ती' असंही होतं. तिच्याकडं मी, घाटातून जाताना दरीकडं बघावं तितपत, बघितलं.

पैशाचं काही नव्हतं, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण घरी सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही. दोन खोल्यांचं महिन्याचं भाडं वर्षभराच्या निधीपेक्षा जास्त येतं. पण मान म्हणून काही असतो की नाही? इंग्लंडच्या राणी एलिझाबेथला सँड्रिंगहॅमच्या शेतीसाठी युरोपीय महासंघाचं अनुदान मिळायचं. अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाच्या संस्थेनं सरकारी शेती-अनुदान कुणाकुणाला जातं याची नावानिशी, काउंटीवार यादीच लोकांपुढं ठेवली. त्यात रॉकफेलर घराण्यातले डेव्हिड रॉकफेलर निघाले, बास्केटबॉलवाला स्कॉटी पिपेन निघाला. आपल्याकडंही किसान निधीची यादी गाववार कुणालाही बघता येते. मी मोशीची यादी उघडून रात्री बारापर्यंत वाचत बसलो. अर्धी यादी माझ्या भावकीची होती. राणीला मिळालं, रॉकफेलरला मिळालं, तात्यांना मिळतं. मीच काय घोडं मारलं होतं?

अर्जाला आधार, रेशन कार्ड, चालू सातबारा, 2019 च्या आधीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार लागतो. हे सगळं घेऊन मी एका कचेरीत गेलो, तिथं कळलं की हे काम दुसऱ्या कचेरीचं. दुसऱ्या कचेरीत कळलं की ते पहिलीचंच. यात कुणाचा खोटेपणा नव्हता. किसान निधीचं काम महसूलनं करायचं की कृषीनं, यावरून राज्यभर दोन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांत बरीच वर्षं ओढाताण चालली होती आणि मी नेमका तिच्या मधोमध फाइल घेऊन उभा होतो. पुढं दोघांचीही पदनामं बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. 'अर्जदार' मात्र अर्जदारच राहिला.

त्यातच कट्ट्यावर कुणीतरी पिल्लू सोडलं की नमुना बारावर 'पड' लागलं असेल तर नाव उडतं, ई-पीक पाहणी करून घे. हे ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालंय. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तात्यांचा अनुभव ताजा होता. 2023 मध्ये कांदा पडला तेव्हा सरकारनं क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागं जास्तीत जास्त 200 क्विंटल. फेब्रुवारी-मार्चात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला. तात्यांनी मावळातल्या पाहुण्यांच्या वाट्याचा कांदा चाकणच्या बाजारात घातला होता, पट्टी खिशात होती, पण सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक नोंद हवी अशी अट निघाली आणि सातबाऱ्यावर होता ऊस. तेव्हापासून तात्या दिसेल त्याला "आधी फोटो काढ" एवढंच सांगतात.

मोबाइलमधलं मला तेवढंसं जमत नाही, म्हणून मी माझ्या भाडेकरूला बोलावलं. हिंगोलीकडचा पोरगा. घरी तीन एकर सोयाबीन, इथं चाकणला कंत्राटावर, तीन पाळ्या. तो रात्रपाळी करून आला होता. "चला मालक," म्हणाला, आणि चप्पल घालून आधी निघालासुद्धा.

वाफ्याच्या मधोमध उभं राहून ॲप उघडलं. गट क्रमांक टाकला. ॲपनं सांगितलं, आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. ज्या मातीत माझे पाय रुतले होते तिच्यापासून मी दूर होतो. "बिल्डिंगमुळं जीपीएस हलतंय," पोरगा म्हणाला. "थोडं शेवग्याकडं सरका." सरकलो. अंतर वाढलं. "आता राडारोड्यावर चढा." चढलो. अंतर कमी झालं, पण फोटोत मेथी येईना, नुसत्या फुटक्या टाइल्स यायला लागल्या. सोसायटीचा वॉचमन भिंतीवरून डोकावून, हे कोण सर्व्हेवाले म्हणून बघायला लागला. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "ओ काका, मेथी देताय का? जुडी कशी?" मी म्हणालो, "ताई, शासकीय काम चाललंय." त्या म्हणाल्या, "मग राहू द्या, कीड असेल."

शेवटी पोरानं मला उकिडवं बसवलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या मनगटाला धरून दाबायचं तिथं दाबलं. फोटोत पुढं मेथी, मधे माझ्या चपलेचं टोक आणि मागं 'टू बीएचके, ताबा दिवाळीला' असा फलक. पीक: मेथी. क्षेत्र: 0.02 हेक्टर. नोंद झाली. पुढच्या खेपेला मी ती नोंद ऐटीत पुढं केली, तेव्हा कळलं की किसान निधीला पीक पाहणीची गरजच नसते.

त्या दिवशी शेतातून परतताना पोराला विचारलं, तुला येतो का रे हप्ता? म्हणाला, वडिलांना येतो. राज्याचाही येतो. नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा हजार, पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला होता. "दोन हजारात दीड गोणी डीएपी बसत नाही मालक, पंचवीस रुपये कमी पडतात." मी मनातल्या मनात हिशेब केला. गोणी 1350 रुपये. दीड गोणी 2025. बरोबर पंचवीसच कमी पडत होते. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4892 होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली मागत होते. ते भरून काढायला हा माझ्या सात नंबरच्या खोलीत राहून वेल्डिंग करत होता. मी त्याला चहा पाजला. भाडं कमी करावं असा विचारही मनात येऊन गेला. गेला.

असो. मंजुरी आली. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत माझा अर्ज वर गेला आणि एका दुपारी मेसेज खाली आला. केंद्राचे दोन हजार. मी कट्ट्यावर जाऊन तो तात्यांपेक्षा मोठ्यानं वाचला. नागेश्वर महाराजांच्या देवळात नारळ फोडला, पेढे वाटले, आणि पेढ्यांच्या बिलात हप्त्यातला निम्मा भाग तिथंच संपला. पाठोपाठ राज्याचेही आले. पुढच्या खेपेला पुन्हा दोन्ही. केंद्राचे चार हजार, राज्याचे चार हजार. सरकारदरबारी मी शेतकरी होतो, आणि शेतकऱ्याला शोभेल अशी गाडी दारात नव्हती.

स्कॉर्पिओ-एन चाकणलाच बनते. रोज आमच्याच रस्त्यानं, आमच्याच वाहतूक कोंडीत अडकत ट्रेलरवरून जाते. समोरून जाणारी गाडी आपली का नसावी, हा प्रश्न ज्याला कोंडीत तासभर उभं राहावं लागतं त्यालाच कळेल. कर्जाला बँकेनं दोन वर्षांची रिटर्न मागितली. रिटर्न भरून देणारा पोरगा म्हणाला, "काका, खोल्यांचं भाडं तुम्ही जेवढं दाखवता तेवढ्यावर स्कूटर मिळेल." मी म्हणालो, मग खरं तेवढं दाखव. आयुष्यात मी सरकारला पहिल्यांदाच खरं सांगत होतो. उत्पन्न पाच लाखांच्या वर जरासं सरकलं. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. त्याच्या वर एक पाऊल टाकलं की सगळी सूट जाते आणि एकदम तेरा हजारांच्या वर कर बसतो. पोरानं हे समजावून सांगितलं. पण माझ्या डोळ्यांपुढं पांढरा रंग होता. मी कर भरला. कर्ज मंजूर झालं. मागच्या काचेवर बैल चिकटवला.

आता गंमत बघा. बँकेच्या फायलीत मी सधन होतो, किसान निधीच्या फायलीत गरजू शेतकरी होतो. दोन्ही कागद खरे होते. पूर्वीच्या काळी असे दोन कागद एकमेकांना कधी भेटले नसते; एक पुण्यात, एक दिल्लीत, दोन्ही बासनात बांधलेले. आमच्या आजोबांच्या तीन जन्मतारखा तीन कचेऱ्यांत होत्या आणि ते तिन्ही वयांनी सुखानं जगले. माझा मात्र पॅन आधारला जोडलेला आणि हप्ताही आधारवरच. तिकडं कर भरला, तो इकडं कळला.

हप्ता थांबला, आणि मागोमाग आलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की प्राप्तिकर भरत असल्यानं आपण अपात्र आहात, घेतलेली रक्कम परत करावी. कट्ट्यावर लगेच कुणी म्हणालं, नाही भरलेस तर सातबाऱ्यावर बोजा चढवतात. अकरा आर जमीन, त्यावर आठ हजारांचा बोजा! मला झोप लागेना. मग वाचता वाचता कळलं की या रांगेत मी काही पहिला नाही. माहिती अधिकारात केंद्रानंच दिलेल्या उत्तरानुसार जुलै 2020 पर्यंत 20 लाख 48 हजार अपात्र लोकांच्या खात्यांत 1364 कोटी रुपये गेले होते, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त लोक प्राप्तिकर भरणारेच होते. म्हणजे माझ्या आधी दहा लाखांवर माणसं याच दरीत पडलेली होती. एवढी सोबत असल्यावर पडल्याचं फारसं वाटत नाही.

पैसे परत करायला गेलो त्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. अर्ज करत होतो तेव्हा त्या दालनात मला कुणी खुर्ची दिली नव्हती. या वेळी "पैसे भरायला आलोय" म्हटल्यावर दोन टेबलांवरून माना वर झाल्या. "स्वतःहून?" "चिठ्ठी आली म्हणून." "तरीपण," साहेब म्हणाले आणि खुर्ची पुढं आली, चहा आला, पंखा माझ्याकडं फिरवला गेला. रोख चालत नाही, डीडी आणा म्हणाले. बँकेत डीडीचं कमिशन लागलं. नावातली दोन अक्षरं चुकली म्हणून दुसरा डीडी काढला, पुन्हा कमिशन. राज्याचे पैसे वेगळे, केंद्राचे वेगळे, म्हणून आणखी एक. मग जमाखर्च मांडला: आले आठ हजार, गेले आठ हजार, वर कर तेरा हजार, डीडीचं कमिशन, झेरॉक्स, पेट्रोल आणि पेढे. देशात शेती तोट्यात आहे, असं सगळे म्हणतात. माझ्याकडं त्याच्या पावत्या आहेत.

घरी हे सांगितलं तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकलं की मी घाबरतो. त्यांनी 2024 च्या पावसाळ्यापासून लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरून ठेवायचा म्हणून अंगणवाडीत विचारणा चालवली होती. महिन्याला दीड हजार. अटींच्या कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल तर नाही. तो तुम्ही भरला. ट्रॅक्टर सोडून दुसरी चारचाकी असेल तर नाही. ती तुम्ही आणली." थोड्या वेळानं पुढं म्हणाल्या, "ट्रॅक्टर आणला असता तर निदान एक अट तरी राहिली असती." वर्षाला अठरा हजार. हे मी जमाखर्चात धरले नव्हते.

तात्यांनी मात्र माणुसकी दाखवली. हप्त्याचा मेसेज ते आता मनातल्या मनात वाचतात.

आणि तरीही कट्ट्यावर मी शेतकरीच आहे, कागदोपत्री. आता शासनानं ॲग्रिस्टॅकमधून शेतकरी ओळख क्रमांक काढलाय. 15 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या शेतीच्या योजनांना तो लागतो. ज्याच्या नावावर शेतजमीन आहे त्याला मिळतो, प्राप्तिकर भरणाऱ्यालाही. सात नंबरच्या पोरानंच मला तो काढून दिला, पुन्हा रात्रपाळीहून आल्या आल्या. अकरा आकडी क्रमांक आहे. मी त्याचा कागद पाकिटात ठेवतो आणि त्याच्यावर मला काहीही मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या खात्यात दोन हजार येत असतील आणि त्याच वेळी गाडीच्या कर्जासाठी उत्पन्न खरं दाखवायची बुद्धी झाली असेल, तर आधी किसान निधीच्या पोर्टलवर जा. तिथं लाभ स्वेच्छेनं सोडून देण्याची सोय आहे, ती वापरा आणि मग कर भरा. पैसे परत करायची वेळ आलीच तर डीडीवरचं नाव बँकेतून बाहेर पडण्याआधी वाचा. पावती जपून ठेवा, पण माझ्यासारखी लॅमिनेट करू नका. पुढच्या कचेरीत तिच्यावर शिक्का मारायचा असतो, आणि प्लॅस्टिकवर शिक्का उमटत नाही.